बाईंनी कोट काढला

ती. आईस,

नमस्कार. आधी खाली बस, उभ्याउभ्या वाचू नकोस. मी ठणठणीत आहे. खोलीही छान उबदार आहे.

आमच्या संस्थेला पैसे देणाऱ्यांचं यंदा म्हणणं असं, की सौर पॅनेल बसवा, त्यांचे फोटो छान येतात. जुन्या घरांच्या फटी बुजवायला पैसे कशाला? बुजलेल्या फटीचा फोटो काय काढणार! माझं डोकंच फिरलं. फटीतून ऊब पळत असताना नुसती पॅनेलं बसवायची म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

काल त्यांच्याकडच्या एक बाई पाहणीला आल्या. मी भाषण केलं नाही. आधी त्यांना फटी असलेल्या घरात चहाला नेलं, मग शेजारच्या, आम्ही फटी बुजवलेल्या घरात. हीटर दोन्हीकडे सारखाच. पहिल्या घरात त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. दुसऱ्यात बोलता बोलता कोट काढून खुर्चीवर टाकला, आणि त्यांना पत्ताच नाही!

मी म्हटलं, "आता या कोटाचा फोटो काढा."

हसल्या. पण जाताना "आम्ही कळवतो" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून फोन वाजला की जीव खालीवर होतो. नाही म्हणाले, तर फटी बुजवणारे सगळे घरी बसतील. म्हणजे मीसुद्धा. पण तसं होणार नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू अजून सगळ्यांच्या मागे दिवे बंद करत फिरतेस ना? बाबा चिडतात का? गुडघा कसा आहे?

अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस. तब्येतीचं काही नाही, हातमोजे घालून लिहितेय, इतकंच.

तुझी,
थोरली