ओल्या पायरीवरची अक्षरं

दूधविनायक, काशी
श्रावण शु. ८, शके १८३३

ती. अक्कास नीलकंठाचा सा. न. वि. वि.

तू चि. ढुंढिराजाला पाठवलेलं पत्र पोचलं. शेजारच्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी त्याला ते एकदा वाचून दाखवलं. संध्याकाळी त्याने ते आम्हांला स्वर लावून, मितीसकट म्हणून दाखवलं. मी लहानपणापासून हट्टी आहे, हे तुझं वाक्यही. लीला अजून हसते आहे.

नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, हे तुला कळवायचं मी टाळलं. सरकारी शाळा दहाला भरते. अन्नछत्रात वेदपाठशाळेच्या मुलांना फुकट जेवण मिळतं ते अकराला, आणि पाठशाळेत सगळं तोंडी. अक्षर आणि भात यांत मी भात निवडला. छत्राकडे मी जात नाही. आपलं मूल तिथे जेवताना बघवत नाही.

लोभ आहेच, तो राहू दे.
नीलकंठ

सागर
भाद्रपद शु. ३

चि. नीलकंठास अनेक आशीर्वाद.

हट्टी आहेसच. पण दुसरा कोणी वाचून दाखवील तेवढंच पोराला कळणार, हे मला सोसत नाही. सोबत त्याच्या नावाचं बंद पाकीट आहे. अक्षर मोठं काढलं आहे. ते त्याने स्वतः वाचायचं. तू नाही, शास्त्रीबोवांनी नाही. आत एक विचारलं आहे, त्याचं उत्तर दिवाळीच्या आत हवं. माझी पत्रं तू चोरून वाचायचास, हे मी विसरलेली नाही.

चि. सौ. लीलेस आशीर्वाद. माया आहे ती आहेच.
अंबिका

काशी
भाद्रपद व. १०

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पाकीट देवामागे ठेवलं आहे. लीला ते रोज उजेडात धरून बघते. मीही एकदा धरलं.

पाटी घेणं जमलं नाही. दुपारी यात्रेकरू पांगले की शिंदे घाटावर बोट पाण्यात बुडवून पायरीवर अक्षर काढतो. ते वाळायच्या आत त्याने ओळखायचं. ओळीने विचारलं तर शेवटपर्यंत म्हणतो. मधलंच ‘भ’ दाखवलं तर ‘क’पासून म्हणत येतो, तोवर ‘भ’ वाळून जातो. दिवाळीची भीती वाटते. लीला म्हणते, मास्तरच कच्चा आहे.

तुझा
नीलकंठ

काशी
आश्विन व. ११

ती. आत्याबाईंस ढुंढिराजाचा शि. सा. न.

पाकीट मी फोडलं. आधी म्हणायला लागलो, पण तोंडात काही येईना. मग बोट ठेवून वाचलं. सागरला तुमच्याकडे राहून शाळेत येतोस का, असं तुम्ही विचारलं आहे. आई रडली आणि माझं धोतर शिवायला बसली.

आता गल्लीत सगळीकडे अक्षरं दिसतात. काल छत्राच्या दरवाज्यावरची पाटी वाचली. शाळेत जाणाऱ्या मुलांची पंगत तीन वाजता, असं लिहिलं आहे. मी त्या पाटीखालून दोन वर्षं आत जातो आहे. रसोइये महाराजांना विचारलं. ते म्हणाले, हां, कोई आता ही नहीं.

म्हणून मी इथेच शाळेत जातो. तुमच्याकडे सुट्टीत येतो. रागावू नका.

बाबांना खरं वाटलं नाही. आज ते पहिल्यांदा छत्राच्या दारात आले. पाटी एवढीशी आहे, पण ते पुष्कळ वेळ वाचत उभे होते.

लोभ असू द्यावा. हा शब्द मी न विचारता लिहिला.
ढुंढिराज