खांबावरचा डबा दिवसातून एकदा जागा करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
इमारत सुरक्षा निरीक्षण कक्ष.

विषय : तळमजल्यावरील खोलीतील सेन्सर रोज एकदा स्वतःहून सुरू होण्याबाबत, तसेच शिलाई मशीन काढण्याच्या नोटिशीबाबत.
संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे प्रशस्तिपत्र. २) आपल्याच कार्यालयाची नोटीस.

महोदय,

आमच्या इमारतीच्या खांबांवर आपण बिनतारी सेन्सरचे डबे बसवले आहेत. त्यातला एक माझ्या खोलीत, खांबाच्या भेगेवर आहे. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितले होते, "काका, बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची आहे. म्हणून डबा झोपून असतो. हादरा बसला की उठतो, भेग मोजतो, माप पाठवतो आणि परत झोपतो." त्यावर माझी पत्नी म्हणाली, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच. हलवल्याशिवाय उठायचं नाही."

पत्नी शिवणकाम करीत असे. मशीन त्याच खांबाला लागून आहे, कारण खिडकीचा उजेड तिथेच येतो. तिने पायडल मारले की डब्याचा हिरवा दिवा लागे. बॅटरी वाया जाते म्हणून मशीन हलवावे, असे आपण तेव्हाही कळवले होते. "उजेड हलवून द्या, मशीन हलवते," असे उत्तर तिने पाठवले. ते आपल्या दप्तरी असेल.

मागच्या हिवाळ्यात ती वारली. त्यानंतर दिवा लागला नाही. मग आपले प्रशस्तिपत्र आले. सर्व इमारतींत सर्वाधिक बॅटरी माझ्या खोलीत वाचली, म्हणून "रहिवाशाने दाखवलेल्या सहकार्याबद्दल" अभिनंदन केले होते. यात माझे सहकार्य काही नाही. प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलेले नाही. खिळा ठोकला असता तर डबा जागा झाला असता.

भेग मात्र झोपलेली नाही. ती हादरा न देता वाढते, त्यामुळे डब्याला कळत नाही. पूर्वी तिच्यात सुई जाई, आता शर्टाचे बटण उभे जाते. कार्यालयात सांगायला आलो, तर खिडकीवरच्या बाई संगणक पाहून म्हणाल्या, "तुमचा खांब एकदम उत्तम आहे काका. काही आलेलंच नाही त्याच्याकडून."

म्हणून मी रोज सकाळी मशीनवर बसू लागलो. मला शिवता येत नाही. दोरा न ओवता पायडल मारतो. दिवा लागतो, माप जाते. त्यावर आपली नोटीस आली की, बॅटरी विनाकारण खर्च होत आहे; आलेली मापे फारच मोठी असल्याने ग्राह्य धरता येत नाहीत; आठवड्याच्या आत मशीन खोलीबाहेर न काढल्यास जप्त करण्यात येईल.

वरच्या मजल्यांवर माणसे राहतात. त्यांची लेकरे जिन्यात खेळतात. त्या सगळ्यांचा भार या खांबावर आहे. तरी विनंती की, डबा हादऱ्याची वाट न पाहता रोज एकदा आपोआप उठेल, अशी सोय करावी. मोठे माप आले तर डब्यावर शंका घेण्याआधी एक माणूस खांब पाहायला पाठवावा. एवढ्याने बॅटरी लवकर संपली, तर नवी मी आणून देईन.

तोपर्यंत मशीन हलवणार नाही. सोय झाल्यावर आपल्या कामासाठी मला पायडल मारण्याची गरज उरणार नाही. तरी मी मारीन. त्या वेळी दिवा लागला, तर तो खर्च घरगुती समजावा.

आपल्या माणसाची वाट पाहणारा, नम्र,
(सही)
शिवणकाम करणाऱ्या बाईंचे यजमान, तळमजला
दिनांक : ९ मार्च

सोबत : १) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, परत.
२) शर्टाचे बटण, एक. येणाऱ्या माणसाजवळ द्यावे, भेगेत घालून पाहण्यासाठी. नंतर मला परत मिळावे, तिच्या शिवणाच्या डब्यातले आहे.