आपल्या ओट्याची खूण

शनिवार, १४ तारीख
दुपारची जेवणं आटोपल्यावर

प्रिय ढब्बू,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तूही मजेत असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगू का, तू उचलत नाहीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटतं. परवा तुझ्या आईनं उचलला. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही गं ती. चहासुद्धा तिचे बाबा करतात आता. एवढं शिकायला पाठवलं आणि लोकांना नासके मासे खाऊ घालून आली, म्हणून तेही बोलतात तिला." मी "बरं काकू" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

आधी इकडच्या बातम्या. तुझ्या कॉटवर अजून कुणी आलेलं नाही. मी त्यावर धुतलेले ॲप्रन पसरते. मालकीणबाईंनी जिन्यातला दिवा अखेर बदलला, त्यामुळे आता मला त्यांची मांजर दिसते आणि तिला मी. दोघींचीही रोजची धडपड थांबली. वर्गात सध्या सॉस चालू आहेत. पहिल्या वर्षाची पोरं विचारतात, शेफबाईंना तोफ का म्हणतात? मी म्हणते, थांबा, कळेल. सोमवारी एकाचा सॉस फाटला. तोफेनं पातेलं सगळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "लोणी एकीकडे, पाणी एकीकडे. हा सॉस आहे की घटस्फोट?" सगळे हसले. मी पण हसले, आणि सवयीनं तुझ्याकडे बघायला वळले.

माझ्या जेवणाचं विचारशीलच. सकाळी ब्रेड आणि उकडलेलं अंडं. दुपारी वर्गात जे शिजेल ते, उभ्याउभ्या. रात्री खोलीवर भात आणि वर तिखट. तिखट म्हणजे किती, तर परवा मालकीणबाई दारावरून जाताना शिंकत गेल्या. तू असतीस तर डबा हिसकावून घेतला असतास. तिखटाला चव नसते गं, ते नुसतं भाजतं. मला आता तेवढंच कळतं.

बघ, निसटलं. आता लिहूनच टाकते.

मला वास येत नाही. सहामाहीच्या आधी मला ताप आला होता, तू उशाशी बसून पेज भरवली होतीस, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास काही परत आला नाही. कांदा परतताना रंग दिसतो, चरचर ऐकू येते, बस्स. वास गेला की चवीचंही फारसं उरत नाही. खारट, गोड, आंबट, तेही पुसट, संपली यादी. स्वयंपाक शिकायला आलेल्या मुलीनं हे सांगायचं कुणाला? एक तर हसं होणार, नाही तर बॅग भरावी लागणार. आमच्या बाबांनी तर माझ्या हाताच्या चवीचं कौतुक ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मग मी युक्त्या शोधल्या. मीठ मापानं घालायचं, मसाला रंगावरून ओळखायचा, आणि उरलेलं तुझ्या जिवावर. "ढब्बू, बघ गं जरा" म्हणून चमचा तुझ्यापुढे करायचा आणि तुझ्या भुवयांकडे बघायचं. एक वर गेली तर मीठ कमी, दोन्ही आवळल्या तर जास्त. तुझ्या भुवयांवर मी सहामाही पास झाले, आणि वर स्वतःला हुशार समजत होते.

आता मासे.

सकाळी माल आला की ज्या ओट्याची पाळी असेल त्या जोडीनं प्रत्येक खोकं उघडून वास घ्यायचा आणि ठीक असेल तर वर खडूनं आपल्या ओट्याची खूण करायची. एकदा खूण झाली की पुढचा कुणी विचारत नाही. तुला हे सांगायची गरज नाही, तरी पहिल्यापासून लिहिते आहे, कारण शेवटी सांगेन. त्या गुरुवारी पाळी आपली होती. तू खाली भाजी बघत होतीस, मासे मी घेतले. झाकण काढलं, वाकले, नाक खुपसलं, सगळे करतात तसं. मला काहीच आलं नाही. अख्खे मासे असते तर डोळे बघितले असते, कल्ले उघडून रंग बघितला असता. ते सोलून कापलेले तुकडे होते, बर्फावर मांडलेले, दिसायला छान. तुला हाक मारता आली असती, दहा पायऱ्या तर होत्या. पण गाडीवाला घाई करत होता आणि रोज रोज तुला काय विचारायचं, तुला संशय येईल, असं मनात आलं. मी खडू उचलला आणि आपली खूण केली.

पुढचं तुला माहीत आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांनी खूण बघितली आणि तुकडे लसूण-लिंबात घोळवून टाकले. दुपारी संस्थेच्या भोजनगृहात जेवायला आलेल्यांपैकी त्या आजोबांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. ते आता बरे आहेत, मी जाऊन बघून आले. त्यांनी मला सफरचंद दिलं. खाववलं नाही.

तोफेनं आपल्या ओट्याला हाक मारली तेव्हा मी मोरीवर भांडी विसळत होते. तुला वाटलं असेल, मला ऐकू गेलं नाही. गेलं होतं. मी नळ मोठा केला.

तू एकटी आत गेलीस. बाहेर आलीस ती थेट खोलीवर, आणि मी पोहोचेपर्यंत बॅग भरून झाली होती. दारात थांबून म्हणालीस, "तुला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "गाडी चुकेल तुझी." असं म्हणाले मी. मैत्रीण म्हणवते स्वतःला.

त्यानंतर मी मनाची समजूत घालत राहिले की आत तू गेलीस म्हणून तोफेनं तुलाच धरलं, त्यात माझा काय इलाज. काकूंशी बोलल्यावर ती समजूत काही टिकेना. काल सकाळी तोफेकडे गेले. ती सुऱ्यांना धार लावत होती. म्हटलं, "बाई, त्या माशांचा वास मी घेतला होता. मला वास येत नाही." तोफ स्टुलावर बसली. तिला बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

मग म्हणाली, "मी त्या पोरीला खोदून खोदून विचारलं. वास तू घेतलास की तुझ्या जोडीदारणीनं? प्रत्येक वेळी म्हणाली, मीच."

ढब्बू, तुला माहीत होतं.

काल दिवसभर मी मागचं आठवत बसले. त्या रविवारी सकाळी खोलीत तव्यावर ब्रेड जळून कोळसा झाला होता आणि मी शेजारी बसून वाचत होते. तू न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आलीस, गॅस बंद केलास आणि एक शब्द बोलली नाहीस. तू, जी पाण्याला उकळी आली तरी भाषण देते! त्यानंतर मी मागायच्या आधीच तुझा चमचा माझ्या पातेल्यात यायला लागला. मला वाटायचं, खादाड आहे. तू माझी लाज झाकत होतीस, आणि दारात थांबलीस ते मी आपणहून बोलेन म्हणून.

तोफ संस्थेशी बोलली आहे. तुझी जागा तुझीच आहे, तसं पत्र घरी येईल. ती म्हणाली, "खोटं बोलल्याबद्दल ओरडा खायला ये म्हणावं." मला मात्र डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत शेगडीजवळ जायचं नाही. भांडी घासते आहे. नाक परत येईल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. नाही आलं तर मला इथून जावं लागेल, आणि ते बाबांना मीच सांगेन. तोफ माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते तुझ्याकडे मागायला तोंड नाही. म्हणून दुसरंच मागते. हे पत्र काकू-काकांना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखव. सगळं पहिल्यापासून लिहिलंय ते त्यांच्यासाठी. नासके मासे त्यांच्या मुलीनं पास केले नव्हते. नळाचं वाच, दारातलं वाच, एकही ओळ गाळू नकोस. माझी बाजू घ्यायची तुला खोड आहे. या वेळी घेऊ नकोस.

तुझी म्हणू देशील तर तुझीच,
सुतळी