नाना, तुमच्या आवाजात कोणीतरी मतं मागतंय

नाना, परवा तुम्ही मतं मागत होतात. मी मेथी निवडत बसले होते, फोन शेजारी पडलेला. कॉलनीच्या ग्रुपवर काहीतरी आलं म्हणून बोट लावलं आणि तुमचा आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." हातातली जुडी खाली पडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हल्ली तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी घशातली खरखर आठवते, शब्द मागून येतात. आणि इथे तो अख्खा, ठणठणीत, सकाळच्या पाळीचा आवाज. पुढे तुम्ही म्हणालात की आपला जुना स्टँड पाडून तिथे काचेची मोठी इमारत होणार आहे, खाली गाड्या, वर दुकानं, त्याच्यावर सिनेमा. ही म्हणे तुमची शेवटची इच्छा होती, आणि ती पुरी व्हावी असं वाटत असेल तर महापालिकेच्या निवडणुकीत अमक्या चिन्हासमोरची सगळी बटणं दाबावीत. वर तुमचा टोपीतला फोटो, त्याला हार, आणि कोपऱ्यात हात जोडून उमेदवार. सगळ्यात शेवटी, "माझ्या लेकींनो, जपून जा." संपलं. शेवटची इच्छा म्हणे! अहो, शेवटच्या आठवड्यात तुमची इच्छा एकच होती, डॉक्टरांनी बंद केलेला चहा मिळावा, आणि तो आम्ही दिला नाही.

तुम्ही स्टँडवर गाड्या पुकारायचात. चौकशीच्या खिडकीमागे, पंख्याखाली, तो जुना माईक पुढ्यात ओढून. सिन्नर, पेठ, मालेगाव, कुठलीही गाडी असो, लोक तुमच्या आवाजावर उठायचे आणि तुमच्या आवाजावर बसायचे. घरी मात्र तुम्ही जवळजवळ मुके. सकाळी मोरीपाशी उभं राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, शर्टाच्या खिशात खडीसाखर, आणि आईने काही विचारलं की नुसती मान. "आवाज ड्युटीला ठेवलाय," असं आई म्हणायची, तेही वैतागून. माईकवर तुम्ही 'कृपया लक्ष द्यावे' असं पुस्तकातलं बोलायचात आणि घरी तोंड उघडलंच तर सिन्नरकडचं, "लय तिखट झालंय गं," "आज नाय जमायचं." ज्याने कोणी हे यंत्रातून काढलंय त्याच्याजवळ फक्त माईकवरचे नाना आहेत. तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची एक कॅसेट होती, ती मागे कोणीतरी जुन्या नाशिकच्या आठवणी म्हणून फोनवर टाकली होती. लोकांनी डोळे पुसले, मीही पुसले. तेवढ्या आवाजावरून यंत्र आता तुमच्या तोंडून काहीही बोलवून घेतं. मला हे सगळं शेजारच्या मुलीने समजावून सांगितलं, ती अशाच कुठल्याशा कंपनीत आहे, आणि तिला त्यात नवल असं काही वाटत नव्हतं.

तर आत आई आडवी पडली होती. मोतीबिंदूने दिसत नाही तिला फारसं, म्हणून तर मी इकडे राहायला आले, पण कान अजून तिखट. "कोण आलंय गं? ह्यांचा आवाज आला," म्हणाली. तिने तीनदा लावायला सांगितलं. ऐकता ऐकता पदराचं टोक दातात धरलं, मग हसली. म्हणाली, "जन्मभर विचारलं, कधी सांगितलं नाही कोणाला मत देतात ते. आता सांगितलं बघ." आणि तिथेच ठरवून टाकलं की ह्यांनी सांगितलंय तिथेच मत द्यायचं. नाना, तुम्ही खरंच कधी सांगितलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून एकटे जायचात. एकदा आई चुलीपुढे भाकरी थापत होती, बोटाची शाई पिठाने पांढरी झालेली, आणि तिने लाडीगोडीने विचारलं, की निदान आता तरी सांगा, मी तर टाकून आले. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "तुझं तू बघ, माझं मी बघतो. मी काय तुझा हात धरून शिक्का मारू?" आई दोन दिवस फुगून होती. तिला वाटलं तुम्ही तिला परकं केलंत. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं, की आमच्या घरात तिला कोणी पूर्णपणे तिचं असं काही दिलं असेल तर ते तिचं मत, एवढंच.

आता माझं सांगते. मी कोणाचीच नाही, नाना. दर वेळी त्या त्या माणसाचं काम बघून मत देते. मागे एकाला दिलं, तो निवडून आला आणि सहा महिन्यांत ज्यांच्याविरुद्ध उभा होता त्यांच्याच मांडवात जाऊन बसला. त्याआधी एकीला दिलं, ती आता स्टँडच्या जागी ती इमारत बांधणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात फीत कापते. कंपनी कोणाची विचाराल तर कोणाचीच नाही आणि सगळ्यांची. ह्यांच्या सभेच्या मंडपालाही तिचं नाव आणि त्यांच्या दहीहंडीलाही तिचं नाव. स्टँड तिला कितीतरी वर्षांसाठी द्यायचं घाटतंय, आणि गाड्या त्यात नेमक्या कुठे उभ्या राहणार हे विचारलं की प्रत्येक जण इमारतीचं रंगीत चित्र दाखवतो. त्या चित्रात झाडं आहेत, टाय लावलेली माणसं आहेत, पण बोचकं घेतलेली पेठची एकही बाई नाही. पेपर उघडावा तर पहिलं पान भरून सरकारची जाहिरात, दुसऱ्यावर तीच बातमी म्हणून. फोनवर तर विचारू नका. एका बाजूचे सांगतात देश आत्ता कुठे जागा झालाय, दुसऱ्या बाजूचे सांगतात उद्या सगळं बुडणार. दोघांचीही चित्रं जुनी, कुठल्या तरी भलत्याच देशातली. मी ग्रुपवर एकदा एवढंच लिहिलं की हा फोटो इथला नाही. तर एकाने मला त्यांची म्हटलं आणि दुसऱ्याने ह्यांची. नाना, मी थकलेय हो. खोट्याचा राग यायचासुद्धा आता कंटाळा येतो.

पण ह्या वेळी आला राग. आधी मी ग्रुपवर टाकणाऱ्या शेजारच्या काकांकडे गेले. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, सज्जन माणूस, तुमच्याबरोबर पत्ते खेळायचे. म्हटलं, काका, नाना असं कधी बोलले नाहीत, तुम्हाला तरी माहीत आहे. तर म्हणाले, "अगं ताई, आवाज नानांचा आहे ना? मग खोटं काय त्यात? आणि चांगल्या कामासाठीच आहे की." मग उमेदवाराच्या कार्यालयात गेले. तिथे एसी लावलेल्या गाळ्यात एक मुलगी बसली होती, नखं रंगवलेली, फार गोड. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "काकू, तो ट्रिब्यूट आहे. लोकांना किती आवडलाय बघा ना. तुम्हाला तर अभिमान वाटायला पाहिजे." मी म्हटलं, काढा तो. म्हणाली, वर विचारते. वर म्हणजे कुठे ते तिलाही माहीत नसावं.

आणि गंमत ऐका. त्या संध्याकाळीच दुसऱ्या पक्षाचे लोक घरी आले, पेढे घेऊन. त्यांना कसं कळलं देव जाणे. मला वाटलं, चला, कोणीतरी बाजूने आलं. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "ताई, आपण एक व्हिडिओ करू. तुम्ही फक्त म्हणा, आमच्या वडिलांचा अपमान झाला. जरा डोळ्यांत पाणी आलं तर बरंच." मी म्हटलं, पाणी सांगून येत नाही. तर हळूच पुढे सरकून म्हणतो, "मग दुसरं करू. नानांच्या आवाजात आम्ही खरं काय ते बनवून देतो." खरं बनवून देतो! मी पेढे त्यांच्या हातात परत दिले आणि दार लावून घेतलं. आई आतून ओरडली, "पेढे कुठे गेले गं?"

मला सारखी ती पेठची गाडी आठवते. मी तुमचा डबा घेऊन स्टँडवर आले होते, शाळा अर्धी होती. दुपार टळून गेलेली, फलाटावर डोंगरातल्या बाया गाठोडी घेऊन बसलेल्या, कोणाच्या कडेवर पोर. गाडी घाटात बंद पडल्याचा फोन आला होता. तुमचे साहेब आत येऊन म्हणाले, "थोड्याच वेळात सुटेल म्हणा. उगाच गोंधळ नको." तुम्ही खडीसाखर गालात सरकवली, माईक ओढला आणि बोललात, "पेठकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. पेठची गाडी घाटात बंद पडली आहे. ती आज येणार नाही." साहेबांचा चेहरा लाल झाला. पण लोक त्यांच्यावर नाही, तुमच्यावर धावून आले. खिडकीत हात घालून एकाने तुमची टोपी पाडली. आईबहिणीवरून शिव्या दिल्या, माझ्यासमोर. मी रडायला लागले तर तुम्ही मला टेबलाखाली बसवलंत आणि बोलत राहिलात, की पलीकडच्या नाक्यावरून जीप मिळतील, उजेड आहे तोवर निघा. हळूहळू फलाट रिकामा झाला. साहेबांनी तुम्हाला खोलीत बोलावून झाप झाप झापलं, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. बाहेर येऊन तुम्ही डबा उघडलात. भाकरी वातड झाली होती. "खोटं सांगून बी शिव्याच हायेत," एवढं म्हणालात आणि खाऊ लागलात. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. चिडला होतात तुम्ही, आणि भूकही लागली होती.

ते आठवून मी आईशी बोलायचं ठरवलं. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या केसांना तेल लावता लावता सांगितलं, आई, ते नाना नाहीत, मशीन आहे. मशीनने काढलेला आवाज आहे. तिने जरा विचार केला. म्हणाली, "मशीनमधूनच तर यायचा त्यांचा आवाज. घरी कुठे बोलायचे?" मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी परत समजावलं, शब्द त्यांचे नाहीत, दुसऱ्याने घातलेत. तिने माझा तेलाचा हात धरून थांबवला. मग म्हणाली, "म्हणजे नाहीच सांगितलं त्यांनी." नाना, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तुम्ही गेलात त्या दिवशी तिचा चेहरा असा झाला नव्हता. मला वाटलं, काय गरज होती माझ्या खरं बोलण्याची? एका मताने काय बिघडणार होतं? ती इमारत व्हायची तेव्हा होईलच.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने शाळेत नेलं तिला. केंद्रावरच्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, आजींना दिसत नाही, तुम्ही सोबत जाऊन बटणं दाबून द्या, चालतं तसं. आईने माझा हात झटकला. "कोणी नको. मी काय एवढी गेले का?" काठी टेकत आत गेली. मत पडल्यावर मतदानयंत्राचा येतो तो आवाज काही येईना. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मग एकेक करत सगळी बटणं वाजली. बाहेर आली ती ताठ. रिक्षात बसल्यावर न राहवून मी विचारलं, आई, कोणाला दिलंस? तिने शाई लागलेलं बोट पदरात गुंडाळलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुझं तू बघ." कोण निवडून आलं ते तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला माहीत असलेल्यातलं कोणी नाही, आणि पत्रे ठोकायला सुरुवात झाली आहे स्टँडभोवती.

हे मी हातानेच कागदावर लिहिलंय. फोनवर लिहिलं तर कोण कुठे नेऊन जोडेल नेम नाही, तुमच्या नावाचं अजून काही आता कोणाच्या हाती द्यायचं नाही. वाचून झालं की फाडून टाकेन. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं. माझं लग्न झालं आणि सासरी निघाले तो दिवस तुम्हाला आठवतो का? रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही ड्युटीवर होतात. मी नव्या साडीत फलाटावर उभी, जावई शेजारी, आई रडतेय. तुम्ही आमची गाडी पुकारलीत, रोजच्यासारखी, मार्गासकट, फलाटासकट. मी पायरीवर पाय ठेवून थांबले होते, नाना. वाटलं, आज तरी माईकवरून एखादा शब्द जास्तीचा बोलाल. कंडक्टरने बेल दिली.

तो ट्रिब्यूट निकालानंतर त्यांनी सगळीकडून काढून टाकला. काम झालं होतं. माझ्या फोनमध्ये मात्र आहे. इमारतीचं, चिन्हाचं, बटणाचं सगळं मी पुढे सरकवते आणि फक्त शेवट लावते. माहीत आहे मला, ते मतदार बायकांसाठी लिहिलेलं वाक्य आहे, हजारो जणींसाठी, पगार घेऊन कोणीतरी लिहिलेलं. तुम्ही म्हणालाच असतात तर "नीट जाय गं" म्हणाला असतात. तरी ऐकते. आई झोपली की फोन कानाला लावते, आणि तुम्ही म्हणता, जपून जा.