सरांचा पेपर, माझी उंदरं

४ नोव्हें. कडेगाव
सरांचा पेपर छापून आला. उसातल्या रानउंदरांत विषाणू कसा पसरतो याचं गणित. समीकरणं माझी, आलेख माझे, रंगसुद्धा बदललेले नाहीत. माझं नाव शेवटी, आभारात, ड्रायव्हरच्या खाली. तीन वर्षं सापळे लावले ते मी आणि फौजेतून रिटायर झालेल्या तात्यांनी, त्यांच्याच उसाच्या फडात. सर एकदाच आले, गाडीतून उतरले नाहीत. चिखल होता.
मी त्यांच्याकडची पीएच.डी. सोडली तेव्हा म्हणाले होते, 'गणित सगळ्यांना झेपत नाही.'
झेपत नाही काय.

९ नोव्हें.
सापडलं!! सरांनी जुनी फाइल छापलीय. तिच्यात धरलंय की उंदरांची एकमेकांशी गाठ वर्षभर सारखीच पडते. तसं नसतं. ऊसतोड सुरू झाली की उंदीर उरलेल्या फडात नि बांधावर दाटी करतात. त्यात विष टाकलं तर विषाणू येऊन गेलेले, पुन्हा न धरणारे जुने मरतात, त्यांच्या बिळांत कोवळे शिरतात आणि पटापट बाधित होतात. सरांच्या गणितात विषानं विषाणू संपतो. माझ्या दुरुस्त गणितात वाढतो. ही दुरुस्ती त्यांना पाठवलीच नव्हती.
मोठ्यानं हसले. शेजारीण डोकावली.

११ नोव्हें.
२० ला साताऱ्यात सर आसपासच्या जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे बोलणार, तोडीत विषारी गोळ्या टाका म्हणून. मी जाणार. भर सभेत एकच प्रश्न: तोडीतली दाटी गणितात धरलीय का, सर? आरशासमोर म्हणून पाहिला. आवाज चिरका निघतो. पुन्हा. त्यांचा चेहरा उतरताना बघायचाय. बाकी काही नको.

१४ नोव्हें.
तात्यांचा फोन. "आवं मॅडम, सभेच्या आधीच, सोमवारपास्नं गोळ्या टाकणार म्हणत्यात. आमच्याच फडापास्नं."
मी कॅलेंडरवर सोमवार शोधला.
"तुमचंच गणित न्हवं ते? मी व्हय म्हनलं."
त्यांच्या बांधाला तोडकऱ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. बायका, लेकरं भुईवर झोपतात. उंदराला या विषाणूनं काही होत नाही. त्याच्या मुतातून माणसात आला तर मूत्रपिंड धरतो.
आत्ता बोलले तर सर गुपचूप दुरुस्त करून मोकळे. सहा दिवस गप्प बसायचं. सहाच.

१५ नोव्हें.
नाही बसवलं. तात्यांकडे गेले, सगळं सांगितलं. सुडाचंसुद्धा. ते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "त्या सरास्नी हाना की भर सभेत. मी येतो बघायला. पर कोपीतल्या बायांनी तुमचं काय घोडं मारलंय?"
जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज: गोळ्या थांबवा, गणितात चूक आहे. चूक कुठं, ते नाही लिहिलं. तेवढं माझ्याकडे ठेवलं.

१७ नोव्हें.
सभेपर्यंत गोळ्या थांबल्या. दुपारी सरांचा फोन, वर्षानं. 'अगं, कुठं चुकतंय वाटतं तुला? ये, बसून बघू. तुझं नाव पहिलं टाकू.'
पहिलं नाव. क्षणभर गोड वाटलं, त्याचीच लाज.
'सभेत विचारते, सर.' ठेवला.

१९ नोव्हें.
दुरुस्तीला आधार एकाच हंगामाचा, एकाच गावच्या उंदरांचा. सर म्हणतील, 'एवढ्यावर?' मीच चुकत असेन तर? पुन्हा सगळं मांडलं. उत्तर तेच. तेच यायला हवं म्हणून तेच येतंय का, कळत नाही.

२० नोव्हें. सातारा
सभागृहात बसून लिहितेय. तात्या शेजारी, इस्त्रीचा सदरा. सर बोलतायत. छान बोलतात अजून. केस पिकलेत. तोडीच्या आलेखावर आले, मी दिसले, आणि वाक्य अर्धंच राहिलं. पाणी प्यायले. वाटलं होतं, हे बघताना वाईट वाटेल.
नाही वाटत.
"लय घाम फुटलाय त्यास्नी," तात्या कुजबुजतात.
अध्यक्ष विचारतायत, कुणाला काही प्रश्न? सर माझ्याकडेच बघतायत, मान हळूच नकारार्थी हलवतायत.
उठते.