कडेवरचा बारक्या

५ ऑक्टोबर १९५९, सोमवार

हिरी आजही खेळली नाही! खर्डीहून पायपीट करत वाडीवर यायचं, घराघरांतून पोरं गोळा करायची, ओढ्यावर तोंडं धुवायला न्यायची, मग धाऊबाबांच्या माळावर तासभर खेळ आणि शेवटी वाटीभर उसळ. बालवाडीची एवढी घडी बसवता बसवता जीव मेटाकुटीला आला. बाकीची पोरं आता शिट्टी वाजली की सुसाट सुटतात. ही मात्र बांधावर उभी. नऊ वर्षांची पोर, कडेवर भाऊ, एक कंबर वर उचललेली.

“ठेव की त्याला खाली,” म्हटलं.

“तो चालत नाय, बाई. पायांत जोर नाय त्याच्या.”

बारक्याला तिसरं लागलंय. मागच्या पावसाळ्यात तापाने फणफणला होता, तेव्हापासून पाय टेकत नाही म्हणे.

८ ऑक्टोबर

आज जबरदस्तीने बारक्याला काढून घेतलं आणि हिरीला लंगडी घालायला लावली. डाव्या पायावर चार उड्या मारल्या. उजव्यावर पहिल्याच उडीला आपटली. पोरं हसली, ती हसली नाही. उठून उभी राहिली — कडेवर कोणी नसताना तशीच वाकडी! कंबर वर, खांदा खाली. ही अशीच राहणार की काय?

१२ ऑक्टोबर

हिरीच्या आईच्या, सकुबाईच्या, मागे लागून लागून हिरीला शहापूरला नेलं. सकुबाईने कापणीचा खाडा केला आणि बारक्याला घेऊन घरी बसली. आम्ही निघताना तिने भांडी अशी आदळली की मला समजायचं ते समजलं.

डॉक्टर म्हणाले, “हाड अजून वाकलेलं नाही, सवय वाकली आहे. रोज तासभर मोकळं धावू दे. कडेवर काही नको. पण वाढीचं वय आहे, आत्ताच केलं पाहिजे.”

औषध नाही, पट्टा नाही. धावणं! आणि तेच हिच्या वाट्याला नाही.

१३ ऑक्टोबर

ठरलं. खेळाच्या तासाला बारक्या माझ्या कडेवर.

१४ ऑक्टोबर

बारक्याने पातळ ओलं केलं. दुसरं आणलं नव्हतं.

२० ऑक्टोबर

शिट्टी हरवली. ओढ्यावर पाहिलं, बालवाडीत पाहिलं, पोरांतल्या पोश्यावर उगीच आळ घेतला. शेवटी पाहते तर माझ्या कडेवरचा बारक्याच ती चोखत बसलेला! काखेत कळसा नि गावाला वळसा. पोरं पोट धरधरून हसली. हिरीसुद्धा.

संध्याकाळी कंबर इतकी दुखली की आडवं पडवेना. मी चोवीस वर्षांची, तासभर उचलते तर ही गत. ती दिवसभर उचलते. आणि मी तिला ‘नीट उभी राहा’ म्हणून दटावते!

२९ ऑक्टोबर

हिरीने उजव्या पायावर सहा उड्या मारल्या. पडली, उठली, पुन्हा सुटली. गुडघा फुटला तर तो सगळ्यांना दाखवत हिंडत होती.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. वाडी उठायला लागली. सकुबाईचं बिऱ्हाड दोन आठवड्यांत मुरबाडकडे निघणार, गवत कापायला. पार होळीपर्यंत. हिरी जाणारच, कारण बारक्याला धरायला कोणी हवं ना! म्हणजे पुन्हा सकाळपासून सांजेपर्यंत कडेवर भाऊ. महिन्याभराची मेहनत पाण्यात. रागाने मला काही सुचत नाही. राग तरी कोणावर धरू?

९ नोव्हेंबर

सकुबाईशी बोलले. हिरीला माझ्यापाशी ठेवा म्हटलं.

“नि बारक्या?”

“तोही राहील.”

“आयशीबिगर? राती रडल तवा काय शिट्टी वाजवाल?” मग जरा नरमली. “आमी कापत कापत डोंगर चढतो, बाई. घटकेघटकेला जागा बदलते. ह्याला कोन उचलून पुढं ठेवल? चालता असता तर गोष्ट येगळी.”

तिचं काही चुकत नाही. तेच तर मला सहन होत नाही.

१६ नोव्हेंबर

धाऊबाबांनी माळाच्या कडेला भाताच्या झोडणीसाठी खळं सारवलं. शेणाने गुळगुळीत, आरशासारखं. पोरांना कान धरून सांगितलं आणि मलाही.

“बाई, झोडणीचा नारळ फुटेपर्यंत यावर पाऊल पडता कामा नाय. आमचा रिवाज हाय. पडलं तर तुमचा खेळ बंद, सांगून ठेवतो.”

खेळाचा माळ त्यांचाच. मान डोलावली.

१८ नोव्हेंबर

सगळं बिनसलं. परवा निघणार त्या मायलेकी. सकुबाई माळावरून चालली होती, तिला गाठून पुन्हा विनवायला गेले. बारक्या कडेवर वळवळ करत होता म्हणून त्याला, सकाळीच दुसऱ्यांदा सारवलेल्या खळ्याअलीकडच्या पेंढ्यात बसवलं आणि धावले. ती थांबली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, माजी पोर वाकडी झाली तं मला बरं वाटल काय?” मला रडूच फुटलं.

परत येऊन पाहते तर बारक्या खळ्यापलीकडच्या पेंढ्यात! जीव वरखाली झाला. खळ्याकडे कोण बघतो? हिरीला धरलं — माझ्या पाठीमागे याला उचलून कशाला हिंडलीस? दोन दिवस तरी धड खेळवत नाही का तुला?

“मी नाय नेला, बाई.”

“मग काय उडत गेला?”

ती बारक्याला कडेवर घेऊन निघून गेली. कंबर पुन्हा वर. माझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?

१९ नोव्हेंबर

सकाळी खेळाला आलेली हिरी बारक्याला माझ्याकडे देईना. तोंड फिरवून बांधावर उभी. तेवढ्यात धाऊबाबा संतापून आले, हातात शेणाची टोपली. “चला बगायला! तुमच्या पोरांनी खळं तुडवलं.” शपथेवर नाही म्हणत मी गेले. हिरी मागोमाग आली.

खळ्यावर मोठ्या पोराचं एकही पाऊल नव्हतं. अलीकडच्या पेंढ्यापासून पलीकडच्या पेंढ्यापर्यंत, माझ्या अर्ध्या तळहाताएवढी पावलं. मध्ये एका जागी बसकण मारल्याची खूण. तिथून पुन्हा पावलं.

“ही कुनाची?” धाऊबाबांनी विचारलं. सव्वा महिना मी ज्याला कडेवरून खाली सोडलं नाही, त्याची!

हिरीने खळं पाहिलं, बारक्याला पाहिलं आणि सावकाश खाली ठेवलं. मग “आये!” म्हणून ओरडत वाडीकडे धावत सुटली. धाऊबाबांनी टोपली खाली ठेवली. बारक्या पावलं टाकत तिच्या मागे निघाला. मी उचलायला वाकले, आणि नाही उचललं.