पिशवीचं वजन

७ जून, योसेमिटी, तळावर

पोहोचलो एकदाचा! नामांकित गिर्यारोहक लोर्ना बेकविथच्या दोराचं दुसरं टोक म्हणून मला, या हॉलिसला, घेतलंय, यावर माझाच विश्वास बसत नाही. हार्पर कडा, पाच दिवसांचा. सकाळभर तिने पद्धत घोटून घेतली. ती पुढे चढणार, मी खालून दोर सोडणार. वरच्या ठाण्यावर पोहोचली की दोर खिळ्यांना पक्का बांधून ती तीन झटके देणार. मग मी खिळ्याशी असलेली माझी बांधणी सोडून, दोराला दातांनी धरणाऱ्या पकडींवर सरकत त्याच दोराने चढायचं, तोवर ती कप्पीवरून सामानाची पिशवी ओढणार. ओरडायचं नाही. वाऱ्यात ऐकू येत नाही, उगाच वेळ जातो. "तुझी जीभ फार चालते, ती खालीच ठेवून ये," म्हणाली. बाई भलतीच खडूस आहे. मला आवडली.

पिशवी तोलून भरली. पन्नास किलो, बरंचसं पाणीच. ही वहीही तिच्यातच राहणार. माझ्या पकडींचे दात झिजलेले होते, तर तळावर सामान राखणाऱ्या म्हाताऱ्या पर्सेलने त्याच्याकडची जोडी दिली. थॅडच्या आहेत, जपून वापर लेका, म्हणाला. थॅड कोण, विचारलं तर कॉफीचं भांडं घासत बसला.

८ जून, कड्यावर

काय दिवस गेला! चार दोरांच्या लांबीइतकी उंची मारली, एक मिनिट वाया नाही. अरुंद ओट्यावर बसून गार राजमा आणि टॉर्टियाच्या पोळ्या खाल्ल्या. पिशवी जड लागतेय, असं लोर्ना म्हणाली. वय झालं तुझं, मी चिडवलं. ती हसली नाही.

९ जून

दहा लिटर पाणी संपलं, म्हणजे पिशवी दहा किलोंनी हलकी व्हायला हवी. आज दोघं लोंबकळलो तरी इंच इंच वर येत होती. सगळं उपसून पाहिलं. जास्तीचं काही नाही.

मग लोर्नाचं लक्ष माझ्या पकडींकडे गेलं. कुणी दिल्या, विचारलं. सांगितल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. गेल्या वर्षी याच कड्यावर थॅड तिच्या दोरावर होता. दोर भेगेत अडकला म्हणून तिने तो तीनदा हिसडला. त्याला वाटलं, इशारा आला. बांधणी सोडून दोरावर भार टाकला. ती ठाण्याला अडकलेली होती, पण दोर कमरेतून सोडलेला आणि खिळ्यांना अजून बांधलेलाच नव्हता. खाली पकडी सापडल्या. तो सापडला नाही.

खाली जाऊ या, मी म्हटलं. पण खालचा खडक आत वळलाय, तिथून उतरायला वाट नाही. पकडी फेकाव्यात तर चढू कशावर? माझ्या जुन्या तळावरच राहिल्या. मला भीती वाटतेय, लिहून टाकतो.

१० जून, दुपार

तीन झटके आले. बांधणी जवळजवळ सोडलीच होती, सहज वर बघितलं. लोर्ना अर्ध्यावरच होती! बांधणी पुन्हा आवळली. मी भार टाकला असता तर तीही माझ्याबरोबर खाली आली असती.

तिने झटके दिले नव्हते. आता इशारा बदललाय, चार झटके. कानाला तोंड लावून सांगितलं. विसरू नये म्हणून इथे लिहिलं. वही परत पिशवीत.

११ जून

सकाळपासून ढग. शेवटचा दोर. लोर्ना दिसत नाही. मी अरुंद ओट्यावर उभा, पिशवी खांद्याशी टांगलीय, तिच्या भाराने खिळा वाकलाय. एका हाताने दोर सोडतोय, एका हाताने लिहितोय. नाही लिहिलं तर नको ते विचार येतात.

तीन झटके. नाही. नाही फसणार.

पुन्हा तीन. थॅड, बाबा रे, तिची चूक झाली. रोज रडते ती. सोड तिला.

—

चार! चार आले! वाचलो. दोर हातातून सोडला, पकडी लावल्या, माझी बांधणीही काढली. वही आत टाकतो आणि निघ—

ढग फाटला. लोर्ना ठाण्याच्या कितीतरी खाली आहे. दोन्ही हात खडकावर. मग चार कुणी—

आम्हा दोघांखेरीज चार फक्त या वहीत होतं. आणि वही पिशवीत—

पिशवी हलकी झालीय. वाऱ्यावर हलतेय.

माझ्याखाली दोराचं टोक लोंबत होतं ते कुणाच्यातरी भाराने ताठ झालंय, कुणीतरी वर चढ—